लेह, सप्टेंबर : पाण्याची पाळी

दुपारी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढले. दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी थांबायचं, पाणी प्यायचं आणि मागून येणाऱ्या शाळकरी पोरांना वाट द्यायची. साडेतीन हजार मीटरवर छातीचा भाता काही केल्या भरत नाही.

वरून लेह बघताना डोळ्यांत भरते ती हिरव्याची कड. पॉपलर, विलो, घरं, भाजीचे वाफे, कापणी झालेली जवाची शेतं, सगळं एका रेषेपर्यंत. रेषेपलीकडे गवताची काडी नाही, नुसती माती आणि दगड, थेट समोरच्या स्टोकच्या डोंगरांपर्यंत. अधलंमधलं काही नाहीच. पाट जिथवर गेलाय तिथवर गाव.

वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस. सिंधू आहे, पण ती खाली, काही किलोमीटर लांब. जुन्या लेहची शेती तिच्यावर नाही. खारदुंग ला या खिंडीच्या बाजूचं बर्फ वितळतं, ते ओढ्यातून पाटात आणि पाटातून वाफ्यात येतं. कोणाला कधी पाणी द्यायचं हे बघायला गावानं नेमलेला माणूस असतो, त्याला चुरपोन म्हणतात. हे ऐकल्यावर मला आमच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचे पांझरा नदीवरचे फड, म्हणजे गावानं मिळून चालवलेली पाटपाण्याची शेती, आठवली. तिथला पाटकरी हेच करतो. पाटकऱ्याशी भांडून गावात राहता येत नाही, असं आजोबा म्हणायचे.

मी राहते त्या लेहच्या चांगस्पा भागातल्या घरी घरमालकीण आमा-ले (लडाखीत आईला आदरानं असं म्हणतात) स्वतः दारं धरतात, म्हणजे वाफ्यांना पाणी देतात. वय सत्तरीच्या पुढचं. सकाळी फावड्यानं बांध फोडला, पाणी कोबीच्या वाफ्यात सोडलं, मग चिखलाचा गोळा आणि एक फाटकं गोणपाट तोंडाशी कोंबून पुढच्या वाफ्याकडे वळल्या. गोणपाटातून झिरपणारं पाणीसुद्धा फुकट जाऊ दिलं नाही, तिथे चार कोथिंबिरीची रोपं लावलीत. मी कौतुक केलं तर म्हणाल्या, पूर्वी समोर सगळं जवाचंच शेत होतं. आता तिथे तीन मजली गेस्ट हाउस आहे.

खरी मेख तिथेच आहे. या घरात दोन संडास आहेत. पाहुण्यांसाठी फ्लशचा, आणि मागच्या बाजूला, वरच्या मजल्यावर, लडाखी कोरडा. कोरड्यात जमिनीला एक चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि एक फावडं. काम झालं की फावडाभर माती आत लोटायची. खालच्या खोलीत सगळं साचतं, त्याचं खत होतं आणि ते शेतात जातं. वास जवळजवळ नाही, शिवाय थेंबभर पाणी लागत नाही. थंडीत नळ गोठले की घरात कोरडाच चालतो. फ्लश म्हणजे आमच्यासारख्यांचे उन्हाळी लाड. या पाहुण्यांसाठी हॉटेलांनी बोअर मारल्या आणि मैलापाणी शोषखड्ड्यात सोडलं. उपसायचं जमिनीतून, मुरवायचंही तिथेच. हे किती वर्षं चालेल हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ कशाला हवा? मी मागचाच वापरते. पहिल्या दिवशी फावडं जड वाटलं, आता सवय झाली.

पाऊस नाही म्हणून कुरकुरावं, तर पाऊस इथे कर्दनकाळही ठरतो. ५ ऑगस्ट २०१०च्या रात्री ढगफुटी झाली. घरं कच्च्या विटांची, डोंगरउतारावर धरून ठेवायला मुळं नाहीत. चिखल आणि दगड सरळ वस्तीत उतरले, लेहजवळच्या चोगलमसरला सगळ्यात जास्त. दोनशेहून जास्त माणसं गेली. आमा-ले त्या रात्रीबद्दल बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही.

संध्याकाळी वरण-भात केला. इथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय तुरीची डाळ शिजायचं नाव घेत नाही. कुकरातही शिट्ट्या मोजणं मी सोडून दिलंय. आमा-लेंना फोडणीचं वरण आवडलं, हिंगाचा वास मात्र नाही. त्यांनी मला खंबीर या जाड लडाखी रोटीसोबत खारट लोणी-चहा दिला. तो चहा म्हणून प्यायला तर फसतो, सूप समजून प्यायला तर छान लागतो.

जेवताना बर्फाच्या स्तूपांचा विषय निघाला. पेरणी एप्रिल-मेमध्ये, पण तेव्हा वरचं बर्फ पुरतं वितळलेलं नसतं. हिवाळ्यात मात्र ओढ्याचं पाणी वापराविना वाहून जातं. चेवांग नॉर्फेल या लडाखी इंजिनिअरनी ते पाणी उथळ बांधांमागे गोठवायला सुरुवात केली. पुढे सोनम वांगचुक यांनी उंचावरून पाइपनं आणून कारंज्यासारखं उडवलं. कडाक्याच्या थंडीत ते तिथल्या तिथे गोठतं आणि बर्फाचा शंकू वाढत जातो, तोच स्तूप. शंकूला ऊन कमी लागतं, म्हणून तो वसंतापर्यंत टिकतो आणि नेमका पेरणीला वितळतो.

उद्या शेअर टॅक्सीनं, हे स्तूप जिथे उभारले त्या फ्यांगला जायचा विचार आहे. सप्टेंबरात तिथे पाइप आणि दगडांशिवाय काही दिसणार नाही, असं आमा-ले म्हणाल्या. तरी जाणार. जाताना बाजारात मशिदीच्या मागच्या भट्टीतून रोट्या घ्यायच्या आहेत, त्या सकाळी लवकर संपतात.