भिगवणचे रोहित आणि दोन कॅमेरे

चांगला फोन हाताशी असताना वेगळ्या कॅमेऱ्याचे ओझे कशाला, असे घरचे मला नेहमी विचारतात. त्याचे नेमके उत्तर माझ्यापाशी नसल्यामुळे जानेवारीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला उजनी धरणाकाठच्या भिगवणला जाताना मी दोन्ही बरोबर घेतले: खिशात फोन आणि गळ्यात सेकंडहँड घेतलेला डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, आणि त्याला ५५-२५० मिलिमीटरची झूम लेन्स.

उजनीच्या पाण्यात होडी शिरली तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता, आणि पहिली बाजी फोनने मारली. काठाला लागलेल्या होड्या आणि त्यांच्यामागचे तांबूस आकाश त्याने असे टिपले की आकाश पांढरे पडले नाही आणि होड्याही काळ्या झाल्या नाहीत. फोन अशा वेळी पाठोपाठ अनेक फ्रेम घेतो आणि त्या जुळवून एक चित्र तयार करतो. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमधून, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या कच्च्या छायाचित्रातून, तेच साधण्यासाठी मला घरी अर्धा तास घालवावा लागला, आणि तरीही माझे चित्र काही सरस झाले नाही.

मग रोहित दिसले. होडीवाल्या काकांनी वल्हे थांबवले, कारण आणखी जवळ गेलो असतो तर थवा उडाला असता. माझ्या फोनची सर्वांत लांब पल्ल्याची लेन्स पाचपट झूमची आहे. त्यापुढचे वीसपट, तीसपट हे आकडे म्हणजे मुख्यतः चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करणे. त्या तुकड्यात तपशील उरत नाही, म्हणून सॉफ्टवेअर तो अंदाजाने भरते, आणि पिसांच्या जागी गुलाबी लेप दिसू लागतात. माझी लेन्स २५० मिलिमीटरवर एफ ५.६ला (म्हणजे छिद्राचा व्यास २५० भागिले ५.६) वापरली, तर प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास जवळजवळ ४५ मिलिमीटर भरतो; फोनच्या लेन्समध्ये तो मोजक्या मिलिमीटरचा असतो. शिवाय डीएसएलआरचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, सुमारे २२ × १५ मिलिमीटरचा, तर फोनच्या झूम लेन्समागचा त्याच्या तुलनेत अगदीच चिमुकला. थवा उडाला तेव्हा मी शटर स्पीड सेकंदाचा दोन हजारावा भाग ठेवला आणि पंखांखालची काळी पिसे स्वच्छ मिळाली. (शेजारच्या होडीत कोणाची तरी हातभर लांब लेन्स होती; तिच्याकडे न बघण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला.)

कासच्या पठारावर मात्र मी यापुढे फोनच नेणार आहे. तिथली फुले बोटभर उंचीची, आणि लहान सेन्सरमुळे फोनच्या चित्रात पाकळ्यांपासून देठापर्यंत बरेच काही फोकसमध्ये राहते. पाऊस आला की तो खिशातही टाकता येतो.

घरी आल्यावर दोन्हींची छायाचित्रे कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकली, तेव्हा एवढ्याशा पडद्यावर कोणालाच फरक कळला नाही, आणि आईला तर फोनवरची होडीच अधिक आवडली. पुढच्या आठवड्यात रोहितांची दोन्ही छायाचित्रे १२ × १८ इंचांत छापून आणली आणि शेजारी शेजारी टेबलावर मांडली. आईने चष्मा लावून दोन्ही पाहिली, आणि फोनच्या छायाचित्रावर बोट ठेवून विचारले, "हे तू रंगवलंस का रे?"