टाचा

संक्रांत. कार्ताहेना, कोलंबिया. रात्रीचे साडेआठ. तिकडे सकाळचे सात, म्हणजे किंक्रांत उजाडलीसुद्धा.

लिहिण्यासारखं आज पुष्कळ आहे. किल्ला पाहिला, चर्च पाहिलं, तळलेल्या माशाबरोबर नारळीभात खाल्ला (हो, नारळीभात, चांगला तांबूस, किंचित गोड, आणि शेजारी डोक्या-शेपटीसकट मासा. आई असती तर तिने ताट सरकवून ठेवलं असतं). पण दुपारपासून डोक्यात एकच घोळतंय. मी पाय मागे घेतला. घेतला कसला, ओढला. विंचू चढावा तसा.

झालं असं. हे सकाळी साडेसातलाच परिषदेला गेले. खोलीत मी आणि समुद्र. एकोणिसाव्या मजल्यावर भिंतभर काच आहे आणि काचेपलीकडे अख्खा कॅरिबियन. आल्या दिवशी मी त्या काचेसमोर अर्धा तास उभी होते. फोटो काढले, ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी अंगठे दाखवले. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की काच उघडत नाही. लाटा फुटताना दिसतात, आवाज म्हणून नाही. आवाज काय तो एसीचा, आणि लिफ्टच्या बाजूने घुमणाऱ्या वाऱ्याचा. जानेवारीत कार्ताहेनाला वारा फार. कुणीतरी रात्रभर बाटलीच्या तोंडावर फुंकर मारत बसावं तसा हूऽऽ करत राहतो. पेलिकन खिडकीच्या उंचीवरून रांगेने जातात, तेही मुके. टीव्हीचा आवाज बंद करून बसल्यासारखं वाटतं.

त्यात हा समुद्र हलत नाही. लाटा आहेत, पण भरती-ओहोटी म्हणाल तर जेमतेम हातभर. रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला हे पचत नाही. आपल्याकडे उधाणाला पाणी दोन-अडीच मीटर चढतं नि उतरतं. सकाळी होड्या तरंगत होत्या तिथे दुपारी पोरं स्टंप रोवतात. इथे मी तीन दिवस एक दगड खुणेला धरून ठेवलाय, तो सदानकदा तेवढाच ओला. दुपार झाली की सकाळच आहे अजून, हे कळायचं कशावरून?

तर अकराच्या सुमारास खाली उतरले. उतरणंही सोपं नाही. इथल्या लिफ्टला आत बटणंच नाहीत. बाहेरच्या पाटीवर मजला दाबायचा, मग ती सांगते, तुमची लिफ्ट 'सी'. आल्या दिवशी मी दिसली ती उघडी लिफ्ट पकडली आणि थेट गच्चीवरच्या पोहण्याच्या तलावाशी निघाले, पंजाबी ड्रेस, ओढणी, खांद्याला पर्स. तिथल्या ओल्या मंडळींनी मला आणि मी त्यांना नीट पाहून घेतलं.

आमचं हॉटेल आहे ते बोकाग्रांदे म्हणजे जमिनीची एक चिंचोळी जीभ. एकीकडे समुद्र, दुसरीकडे संथ उपसागर, मधे पांढऱ्या टॉवरांची दाटी. किनाऱ्याची वाळू करडी, काळपट. जाहिरातीतली पांढरी वाळू हवी तर बोटीने बेटांवर जायचं. परिषदेतल्या बाकीच्या बायकांनी नाकं मुरडली. मला मात्र पहिल्यांदा इथे ओळखीचं काही भेटलं. मांडवीला आम्ही काळा समुद्रच म्हणायचो.

भाड्याचे कापडी तंबू असतात. एकात बसले, चपला काढल्या. टोपीवाले, चष्मेवाले, वेण्या घालणाऱ्या बाया, सगळ्यांना 'नो ग्रासियास' म्हणून झालं. आणि मग ती आली. माझ्याहून पाच-सात वर्षांनी तरी मोठी. काळीभोर, रुंद हाडाची, डोक्याला फुलाफुलांचं फडकं, हातात लहान मुलाच्या खेळातली वाटावी अशी बादली, तीत तेलाच्या बाटल्या. मी तोंड उघडायच्या आत ती वाळूत बसली आणि माझा उजवा पाय तिच्या मांडीवर. "रेगालो, मि आमोर, रेगालो." भेट आहे, राणी, भेट.

यांनी आधीच बजावलं होतं. आधी भेट म्हणतात, मग पन्नास हजार पेसो मागतात. पन्नास हजार म्हणजे आपले हजारेक रुपये, पण आकडा ऐकून माणूस हबकतो. तेव्हा पैशाचं मला ठाऊक होतं. मी घाबरले नव्हते, हे इथे लिहून ठेवते.

तिने अंगठा टाचेवरून फिरवला. भेगेशी थांबला. तिने जीभ टाळ्याला लावून 'चक्' केलं, आपल्याकडे करतात तस्संच, आणि म्हणाली, "आय, मि आमोर."

आणि मी पाय ओढला.

तो तिच्या गुडघ्याला लागला, बाटली कलंडली, तेल वाळूत. पुढचं माझ्याही हातात नव्हतं. पाय लागला की हात जातोच. मी वाकून तिच्या गुडघ्याला हात लावला आणि डोळ्यांना लावला. ती बघत राहिली. मग तिनेही कपाळ, छाती, दोन्ही खांदे असा क्रूस केला, अंगठ्याचं चुंबन घेतलं. तिला वाटलं असणार, ही बाई देवाचं काही करतेय, आपणही करावं. दोघी क्षणभर आपापल्या देवांना घेऊन तशाच बसलो. मग तिने बाटली उचलली, वाळू पुसली आणि पुढच्या तंबूकडे गेली. पैसे मागितले नाहीत. मागितले असते तर बरं झालं असतं.

यात एवढं काय? संध्याकाळपासून हेच विचारतेय स्वतःला.

टाचांची लाज वाटली म्हणावं, तर या टाचा काही आजच्या नाहीत. चौतीस वर्षं बँकेच्या काउंटरखाली होत्या, कुणाला दिसल्या नाहीत. सुनेने वाढदिवसाला पेडिक्युअरचं कूपन दिलं होतं, ते मुदत संपेपर्यंत फ्रिजवर चिकटवून ठेवलं. मोठ्या बाईने पायाला हात लावला म्हणावं, तर हे ऐकायला बरं वाटतं. संस्कार वगैरे. पण मालतीबाई सत्तरीच्याच होत्या. रोज संध्याकाळी खोबरेल कोमट करून आईच्या टाचांना लावायच्या, दोन वर्षं. मी शनिवारी जायचे. मालतीबाईंची सुट्टी रविवारी असायची.

जाऊ दे.

दुपारी बायकांची सहल होती. सान फेलिपेचा किल्ला चढलो, भुयारं बघितली, धापा टाकल्या. मग तटबंदीच्या आतलं जुनं शहर. तिथे सान पेद्रो क्लावेरचं चर्च आहे. सतराव्या शतकातला जेझुइट पाद्री. आफ्रिकेतून गुलामांची जहाजं या बंदराला लागायची, हा माणूस जहाजावर जाऊन त्यांच्या जखमा धुवायचा. स्वतःला गुलामांचा गुलाम म्हणवून घ्यायचा. १६५४ साली गेला, संतपद मिळालं १८८८ मध्ये. वेदीखाली काचेच्या पेटीत त्याचे अवशेष आहेत, कवटी समोरून दिसते. सगळ्या हळहळल्या. मी माझ्या पायांकडे पाहिलं. बूट, मोजे. कडेकोट.

बाहेर घड्याळाच्या मनोऱ्याशी कमानींखाली मिठाईवाल्यांची रांग आहे. काचेच्या बरण्यांत खोबऱ्याच्या वड्या, आणि भरड धान्य, नारळ, गुळाचा पाक घालून वळलेले लाडू. नाव 'आलेग्रिया', आनंद. म्हणजे तीळगूळच की, तिळाशिवाय. सहा घेतले. खोलीत आल्यावर लक्षात आलं, द्यायचे कुणाला? यांना मधुमेह. 'गोड बोला' म्हणायला समोर काच. काळी साडी मुद्दाम आणली होती. काढली, नेसले, अंधारात काचेचा आरसा होतो त्यात पाहिली. मागे समुद्र होता तिथे आता पलंग, दिवा आणि मी. पुन्हा घडी घालून ठेवली.

हे जेवणाला गेलेत, प्रतिनिधींसाठीच आहे. काल रात्री खुशीत होते. बोकाग्रांदे म्हणजे मोठं तोंड, बंदराचं. स्पॅनिशांनी १७७१ ते १७७८ अशी सात वर्षं खपून त्या तोंडात पाण्याखाली भिंत घातली, शत्रूची मोठी जहाजं आत येऊच नयेत म्हणून. यायचं ते पलीकडच्या धाकट्या तोंडाने, बोकाचिकातून, तोफांसमोरून. "आपल्या विजयदुर्गालाही पाण्याखाली भिंत आहे," हे परिषदेत कुणाकुणाला सांगून आले. यांचं गाव तिथून हाकेवर, त्यामुळे जगातली कुठलीही भिंत यांना दुय्यम. इथली अजून आहे म्हणे. वरून दिसत नाही. आज सकाळी मी काचेतून बराच वेळ शोधली.

तिचा चेहरा आठवत नाही, हे आत्ता लक्षात आलं. फडकं आठवतं, बादली आठवते, अंगठा आठवतो. चेहऱ्याकडे मी पाहिलंच नव्हतं.

*

किंक्रांत, दुपारी दोन.

गेले. दहा वाजताच गेले. लिफ्ट 'ए', बरोबर बसले. त्याच तंबूत, त्याच खुर्चीत, मोजे घातलेच नव्हते.

ती आली. म्हणजे फडकं तेच होतं. बादलीही तीच असावी. तिला माझी ओळख पटली नाही. रात्रभर मी जिच्यामुळे कूस बदलत होते तिला दिवसात माझ्यासारख्या पन्नास टाचा दिसत असणार, त्यात लक्षात ठेवण्यासारखं मी काय केलं होतं? तरी आठवण द्यावी म्हणून मी तिच्या गुडघ्याला हात लावून डोळ्यांना लावला. तिने शेजारच्या वेणीवालीकडे पाहिलं आणि दोघी खळखळून हसल्या. आज क्रूसही केला नाही.

'रेगालो' म्हणाली. मी म्हटलं, भेट नको बाई, भाव सांग. मराठीतच म्हटलं. बोटं दाखवली तेवढी पुरली. ती ऐंशी हजार, मी तीस. ती उठल्यासारखं करून पुन्हा बसली, मी पाय उचलल्यासारखं करून पुन्हा ठेवला. चाळीसवर आलो, दोन्ही पाय धरून. चाळीस हजार म्हणजे आठशे. मालतीबाई दिवसाला सातशे घ्यायच्या, चहा आपला.

मग तिने लावलं तेल. नारळाचंच. वासाने गलबलून वगैरे येईल म्हणून मी आधीच तयारीत होते, पण झालं असं की मला सणसणीत गुदगुल्या झाल्या. दात आवळून बसले. ती मान खाली घालून अखंड बोलत होती, स्पॅनिशमध्ये, मधे मधे माझ्याकडे होकारासाठी पाहत. मीही बोलले. खोबरेल कोमट करून लावावं, थंड लावू नये, असं सगळं सांगितलं. आणखीही काही सांगितलं. कळण्याचा प्रश्न नव्हता, दोघींनाही.

भेगेशी तिने आजही 'चक्' केलं. पाय तिथेच ठेवला. कठीण गेलं.

झाल्यावर दोन्ही टाचांवर थाप मारली, पोळपाटावरच्या गोळ्याला मारतात तशी. पैसे मोजून फडक्याच्या घडीत घातले. मी पर्समधून आलेग्रिया काढून दिला. फोनवरून संक्रांत, तीळगूळ, गोड बोला, सगळं भाषांतर करून ऐकवलं. तिने लाडू उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, केवढ्याला घेतलास? आकडा सांगितल्यावर कपाळाला हात लावला. निम्मी बोटं दाखवली. कमानीखाली घेतलास ना, मग बसा. एवढं मला स्पॅनिश न येताही कळलं. लाडू मात्र खाल्ला, तिथेच बसून, आणि अर्धा वेणीवालीला दिला.

हॉटेलच्या दारातून आत शिरताना माझ्या मागे संगमरवरावर पावलं उमटत होती, तेलाची नि वाळूची, काळी काळी. दारवानाने पाहिलं, मी वर पाहिलं. लिफ्ट 'डी'.

हे मधल्या सुट्टीत आले ते पहिल्याच पावलाला घसरले. दाराची चौकट धरली म्हणून वाचले. "फरशीवर काय सांडलंय हे? हाड मोडलं असतं आत्ता. किती वेळा सांगितलं—"

"किंक्रांत आहे," मी म्हटलं. "आज भांडायचं नसतं."

यांनी घड्याळ पाहिलं. "तिकडे साडेबारा वाजले रात्रीचे. संपली किंक्रांत."

"इथली आहे अजून दहा तास."

काही बोलले नाहीत. न्हाणीघरातून हॉटेलचा पांढरा टॉवेल आणला आणि परिषदेचं ओळखपत्र गळ्यात तसंच लोंबकळत ठेवून वाकून फरशी पुसायला लागले. पलंगाशी आले तेव्हा मी पाय वर घेतले.