पेन्सिलीतल्या खुणा

5 नोव्हेंबर, रात्री साडेअकरा. सांगली.

आज रंगभूमी दिन. भावे नाट्यमंदिरात गौरव पदकाचा सोहळा, आणि आमची गच्ची. आम्ही कॉलेजात एकत्र नाटक करणारे, कॉलेज सुटलं तेव्हापासून हेच. यंदा गावभागातल्या गच्चीवर जमलो. नटराजाची वीतभर मूर्ती, नारळ, उदबत्त्या आणि भडंगाचा डबा. डबा पूजेच्या आधीच निम्मा झाला होता, हेही दरवर्षीचंच.

नऊजण आलो. तिघं आता येणार नाहीत.

नांदी म्हटली. वरच्या सुराला सगळे एकदम खाली उतरले, कारण ती जागा आजीची. आजी म्हणजे आमच्याच वर्गातली. पहिल्या वर्षी म्हातारीचं काम केलं आणि एकविसाव्या वर्षी कॉलेजभर आजी झाली. 2021 च्या मे महिन्यात कोविडनं गेली. कुणालाच जाता आलं नाही, फोनवरच रडलो. हॉलची किल्ली सांभाळणारे शिपाईमामा त्याच्या आधीच गेले. 'दहाला कुलूप लावणार' म्हणून दम द्यायचे आणि साडेअकराला स्वतःच चहा घेऊन यायचे.

तिसरा आमचा प्रॉम्प्टर, विंगेतून विसरलेली वाक्यं सांगणारा. जूनमध्ये गेला. झोपेतच.

कुणीतरी म्हणालं, दोन मिनिटं शांत उभे राहू. मी नको म्हटलं. स्टेजवर दोन मिनिटं शांतता म्हणजे कुणीतरी वाक्य विसरलंय. तो असता तर विंगेतून कुजबुजलाच असता.

मूर्तीशेजारी आजीचा आणि मामांचा फोटो ठेवला. त्याचा एकही फोटो सापडला नाही. आमच्याकडे ढीगभर फोटो आहेत, पण फोटो स्टेजचे काढतात, विंगेचे कोण काढतो? एकात पडद्याच्या कडेला चप्पल दिसते. ती त्याची, असं सगळ्यांचं मत पडलं. चपलेला हार कसा घालणार?

दरवर्षी या दिवशी त्याचा एक ठरलेला विनोद असायचा. 1843 साली याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीतास्वयंवर' केलं. त्यात पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी जुळवून बोलायची. छापील वाक्यंच नाहीत, मग विसरणार काय? "म्हणजे बघ लगा, मराठी रंगभूमी सुरू झाली ती प्रॉम्प्टरला कामावरून काढूनच." पहिल्या वर्षी हसलो होतो. नंतर हसणं हा विधीचाच भाग झाला. आज ते वाक्य कुणी म्हटलं नाही. मला म्हणायचं होतं, जमलं नाही.

मग वहिनींनी पाठवलेली पिशवी उघडली. आमच्या एकांकिकेची संहिता निघाली, त्याची प्रत. बाकी सगळं, कपडेपट, फोटोंचे अल्बम, एक ढाल, याच घरातल्या ट्रंकेत होतं आणि 2019 च्या पुरात कृष्णामाईनं नेलं. ही प्रत विश्रामबागेत त्याच्या माळ्यावर होती म्हणून राहिली. फूलस्केप कागद, कडा पिवळ्या, आणि समासात त्याची बारीक पेन्सिल. 'हिचा श्वास संपू दे.' 'हा इथं दोन ओळी खातो, खाऊ दे.' 'आजी हुंदका देते, वाक्य नाही, थांब.'

पान चौदा. माझं काम. एका वाक्यावर गोल, आणि शेजारी लिहिलंय: 'इथं ती थांबते. छान थांबते. बोलायचं नाही.'

हे वाचलं आणि घशाला कोरड पडली.

युवा महोत्सवात मी तिथंच अडकले होते. खरोखरच विसरले होते. वाक्य तरी काय, "बाबा, दूध उतू गेलं." विंगेकडे बघता येईना, कान तेवढा तिकडे. तो गप्प. शेवटी आजीनं स्वतःहून पातेलं उचललं आणि प्रयोग पुढे सरकला. नंबर हुकला. त्या रात्री परतीच्या ट्रकमध्ये सगळ्यांसमोर मी त्याला नको ते बोलले. झोपला होतास का, इथपर्यंत. तो "चुकलं" एवढंच म्हणाला. मी महिनाभर अबोला धरला. पुढे बोलायला लागलो, तो माझ्या लग्नात वाढायलाही होता, पण तो विषय दोघांनीही काढला नाही.

म्हणजे त्याची चूक नव्हतीच. तालमीत मी रोज तिथं थांबायचे आणि ते थांबणं त्याला आवडायचं. विसरणं आणि थांबणं विंगेतून सारखंच दिसलं असणार. तो ही वही दाखवून मला गप्प करू शकला असता. का दाखवली नसेल?

आजीला हे माहीत होतं का? आता विचारायचं कुणाला?

गच्चीवर कुणाला काही सांगितलं नाही. नटराजाच्या पायाशी फोटोऐवजी ही वही ठेवली आणि झेंडूचं एक फूल. पान चौदा उघडं ठेवलं नाही, बंदच. निघताना वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्हीच ठेवा, मला त्यातलं काही कळत नाही." मी म्हटलं, नको वहिनी, मूळ प्रत तुमच्याकडेच येईल, मी झेरॉक्स काढून घेते.

उद्या ऑफिसला जाताना राजवाडा चौकात थांबायचं. पेन्सिल झेरॉक्सला नीट उठत नाही. डार्क करून दे म्हणून सांगायला हवं.