नानांनी ते कपाळाला लावलं

रविवार, रात्री

दुपारपासून एकच गोष्ट मनातून जात नाही. नानांनी कपाटावरचं दगडी पातं उचललं, तळहातावर घेतलं, खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिलं आणि हळूच कपाळाला लावलं. म्हणाले, "किती हजार वर्षांचं असेल गं हे?"

मी गप्प. चहा टाकते म्हणून आत गेले.

ते पातं गुरुवारचं आहे. या गुरुवारचं. मागच्या अंगणात ताडपत्री अंथरून, तोंडाला मास्क बांधून, मांडीवर चामड्याचा तुकडा ठेवून मी ते संपवलं. दगड रतनपूरचा अकीक, खंभातहून आणलेला. मडक्यात भाजलेला, म्हणून तो लाल रंग आणि तुपाचा हात फिरवल्यासारखी चकाकी. भाजलेला अकीक टवके, म्हणजे घावाने सुटणाऱ्या पातळ कपच्या, नीट सोडतो, पण जरा जोर जास्त झाला की मधोमध दोन तुकडे. याआधीची अकरा पाती तशीच गेली. कडेचा कोन नव्वद अंशांच्या आत हवा, आणि घाव घालण्याआधी ती कड खरखरीत दगडावर घासून बोथट करावी लागते, नाहीतर कडच चुरते आणि जोर आत पोचत नाही. एवढं हाताला कळायला मला दोन महिने लागले. आता घाव बरोबर बसला की कानाआधी बोटांना समजतं. दगडाच्या खालच्या अंगाला टेकलेल्या बोटांत टवका अलगद सुटून येतो, पातळ, कडेला उजेड आरपार जाणारा.

हे मी नानांना का नाही सांगितलं?

आईला वाटतं मी दगड फोडत बसते. दादा फोनवर विचारतो, "अजून चालू आहे का ते?" त्या अकरा मोडक्या पात्यांपैकी एकही कुणी हातात घेतलं नाही. आणि आज कुणीतरी माझं काम कपाळाला लावलं, तर ते माझं नाही असं समजून. चहा गाळताना मला रडू येत होतं. नानांसाठी नव्हे, माझ्यासाठीच. मी केलं म्हटलं असतं तर त्यांनी ते कपाळाला लावलं असतं का? लगेच कपाटावर ठेवून दिलं असतं, असंच मी दुपारभर धरून चालले होते.

पण हे नानांवर अन्यायाचं आहे. भूगर्भशास्त्रज्ञ ब्रूस फूट बडोदे संस्थानाच्या नोकरीत होते आणि 1893 साली त्यांना साबरमतीच्या खोऱ्यात दगडी हत्यारं सापडली, हे मला पहिल्यांदा नानांनीच सांगितलं. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये बोट धरून नेलं तेही त्यांनीच. त्यांचे हात आता थरथरतात. ते आज नको.

शिवाय त्यांना खरं उत्तर द्यायचं तर दोनदा द्यावं लागलं असतं. हे पातं जुनं नाही, आणि ही घडण आपल्याकडची नाही. तमालपत्रासारखा लांबट आकार, दोन्ही अंगांनी टवके काढून पातळ केलेला, हा फ्रान्समधल्या अश्मयुगीन सोल्युत्रियन लोकांचा, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीचा. आपल्या गुजरातेतल्या लांघणजला मिळतात ती नखाएवढी सूक्ष्मास्त्रं, लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने बसवायची. नानांना हे ऐकायला किती आवडलं असतं. तासभर बसले असते.

मला सर्वांत जास्त टोचतंय ते वेगळंच. उरलेले टवके मी खड्ड्यात पुरून टाकते, तेव्हा दर वेळी त्यात चालू सालाचं एक रुपयाचं नाणं टाकते. पुढे कधी कुणी तिथे खणलं तर त्याची फसगत होऊ नये म्हणून. पातं पूर्ण झालं की बुडाशी हिऱ्याच्या टोकाने नाव आणि तारीख कोरायची, हाही मीच स्वतःला घालून घेतलेला नियम. न जन्मलेल्या माणसाची एवढी काळजी, आणि समोर खुर्चीत बसलेल्या नानांना मी तसंच जाऊ दिलं. या पात्यावर तारीख कोरलीच नव्हती. गुरुवारी म्हटलं, एवढं देखणं झालंय, ओरखडा कशाला. खरं म्हणजे मला ते जुनं दिसायला हवं होतं. कुणीतरी फसावं असं कुठेतरी वाटत होतं, आणि फसले ते नाना.

रात्री जेवणं झाल्यावर टेबलाचा दिवा ओढून घेतला आणि कोरलं. अकीकावर हिऱ्याचं टोक सारखं घसरतं, दोन अक्षरांना आणि तारखेला वीस मिनिटं गेली. पांढरट, बारीक रेघा. वाकड्या आल्यात पण वाचता येतात. पातं जसं होतं तसंच दिसतंय, उलट थोडं माझं वाटतंय.

उद्या सकाळी रावपुऱ्यात नानांकडे जाऊन येते. पातं नेईन, आणि मोडलेल्यांपैकी दोन-तीनही. तांब्याची जाड तार बसवलेली मूठ पण घेते पिशवीत. हे काम खरं शिंगाच्या टोकाने करायचं, पण सांबरशिंगाची खरेदी-विक्री आपल्याकडे बंद, म्हणून शेवटची धार मी या तांब्यानेच दाबून दाबून काढते, ते त्यांना समोर करून दाखवायचं आहे. जुनं वर्तमानपत्र आणि दोन मास्क न्यायला हवेत, त्यांच्या खोलीत ती धूळ नको.