डान्स फ्लोअर शोधत अटलांटिकपार

आमच्या पहिल्या क्रूझच्या चौथ्या रात्री मी लिफ्टसमोरच्या गालिच्यावर बसून बुटाचा सोल घासत होते आणि मला रडू येत होतं. डान्सच्या बुटांना खालून स्वेडचं मऊ चामडं असतं. त्याची बारीक लव उभी असली की पाऊल हवं तेवढंच घसरतं आणि हवं तिथे थांबतं. त्या लवेवर कुणाचं तरी सांडलेलं गोड पेय बसलं होतं. सोल आरशासारखा चकचकीत आणि टणक झाला होता. तारेच्या ब्रशने पंधरा मिनिटं घासला तरी लव काही उठेना. नवरा तोवर केबिनमध्ये निघून गेला होता, कारण दहा मिनिटांपूर्वीच आमचं फ्लोअरवर भांडण झालं होतं.

फ्लोअर म्हणायचं, पण तो होता जहाजाच्या मधल्या उंच चौकातला संगमरवरी गोल. इकडून तिकडे माझी आठ पावलं. एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला बार, आणि मधून हातात ग्लास घेतलेल्या माणसांची अखंड ये-जा. वॉल्ट्झच्या वळणावर नवऱ्याने मला एका माणसापासून वाचवायला जोरात ओढलं, मी म्हणाले, "अरे, हात उखडशील!" आणि तो म्हणाला, "तू माझं ऐकतच नाहीस, मग मी काय करू?" अकरा वर्षं एकत्र नाचतो आहोत आम्ही. एवढ्या वर्षांत तो मला फ्लोअरवर सोडून पहिल्यांदाच गेला.

बुकिंग करताना मी फोनवर स्पष्ट विचारलं होतं की आम्हाला रोज नाचायचंय, तशी सोय आहे ना? "रोज रात्री डान्स असतो मॅडम," असं उत्तर मिळालं. ते खोटं नव्हतं. वरच्या डेकवर रात्री अकरानंतर छाती दणाणेल असं संगीत लावून पाचशे माणसं उड्या मारत होती, तो डान्सच. चूक माझी होती. 'डान्स' या एका शब्दात प्रत्येकाच्या मनात वेगळं काहीतरी असतं, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं. चा-चा, रुंबा, जाइव्ह, साल्सा हे नाच जागच्या जागी होतात, ते नाचणारं जोडपं त्या आठ पावलांच्या गोलातही खुशीत राहिलं असतं. आमचा जीव आहे तो वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेपमध्ये. हे सरकते नाच. सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने हॉलभर फेरी धरतात, आणि लांब बाजू नसेल तर फॉक्सट्रॉटचं पाऊल उघडतच नाही. त्यात खाली संगमरवर. लाकूड पावलाखाली किंचित दबतं, दगड दबत नाही, सगळा मार गुडघ्यांवर येतो. आणि साडेनऊ वाजता तो गोलही प्रश्नमंजुषेसाठी काढून घ्यायचे.

बार्सिलोना, मार्सेय, जेनोवा, नेपल्स. सात रात्री, रोज नवं बंदर, एकच दिवस पूर्ण समुद्रात. सगळं सुंदर होतं आणि आज मला त्यातलं फार थोडं आठवतं. दिवसभर दगडी गल्ल्यांतून चाललं की संध्याकाळी सुजलेलं पाऊल डान्सच्या बुटात जात नाही, हे मात्र पक्कं आठवतं. नाचाचे वर्गही समुद्रातल्या त्या एकाच दिवशी झाले. बंदराच्या दिवशी शिकवायचं कुणाला, सगळे खाली उतरलेले! त्या आठवड्यात मी बाल्कनीच्या केबिनसाठी भरलेले जास्तीचे पैसे तर अजून डोक्यातून जात नाहीत. त्या बाल्कनीत मी दोनदा बसले असेन.

दुसऱ्या वेळी मी आठ महिने घेतले. नवरा म्हणाला, आता क्रूझ नकोच. मी हट्ट सोडला नाही, कारण त्या गालिच्यावरच्या रात्रीला तसंच सोडून देणं मला जमत नव्हतं.

मी आधी बंदरांची नावं बघणं बंद केलं आणि डेकचे नकाशे उघडले. नकाशात डान्स फ्लोअर टेबल-खुर्च्यांच्या ठिपक्यांमधे कोरी चौकट म्हणून दिसतो. केबिनची रुंदी माहीत असते, तेव्हा त्याच पट्टीने ती कोरी चौकट मोजायची. बऱ्याच प्रचंड जहाजांवर ती चौकट दोन केबिनींएवढीही भरत नव्हती. मग प्रवाशांनी टाकलेले व्हिडिओ. त्यात मी चेहरे बघितले नाहीत, फक्त पाय बघितले. बूट चिकटतात का, एका गाण्याला किती जोडपी आहेत, फेरी धरता येते की सगळे मध्येच घोळका करून उभे. आणि फोनवर विचारायचे प्रश्न बदलले. फ्लोअर लाकडाचा की दगडाचा? वाद्यवृंद आहे की रेकॉर्ड? तो नाचासाठी वाजवतो की ऐकण्यासाठी? हा शेवटचा प्रश्न ऐकून पलीकडची मुलगी गप्प झाली, म्हणून तिला समजावून सांगितलं. गायक भावनेच्या भरात लय ओढतो, ते ऐकायला छान; पण वॉल्ट्झला मिनिटाला अठ्ठावीस ते तीस आवर्तनं आणि क्विकस्टेपला पन्नासच्या आसपास, अशी घट्ट लय लागते. ती हलली की आमची पावलं कोलमडतात. तिने दोन दिवसांनी स्वतःहून माहिती काढून फोन केला. ही मुलगी मला आवडली.

साल्सा, स्विंग किंवा टँगोवाल्यांचे गट जहाजावर एकत्र जातात, शिक्षक आणि डीजे बरोबर घेऊन. तेही मी पाहिलं. ज्यांना दिवसभर कार्यशाळा आणि रात्रभर नव्या जोडीदारांबरोबर नाच हवा असतो त्यांनी तेच करावं. आम्हाला एकमेकांबरोबरच नाचायचं होतं. निदान मला तरी.

शेवटी ठरलं ते क्यूनार्ड या जहाज कंपनीचं क्वीन मेरी २, इंग्लंडमधलं साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क, सात रात्री आणि मध्ये एकही बंदर नाही. २००४ पासून चालणारं, ३४५ मीटर लांबीचं हे जहाज मुळात महासागर ओलांडण्यासाठीच बांधलेलं आहे. त्यावर क्वीन्स रूम नावाचा खरा बॉलरूम आहे, लाकडी फ्लोअरचा. त्याच कंपनीच्या क्वीन व्हिक्टोरिया, क्वीन एलिझाबेथ आणि नव्या क्वीन ॲन या जहाजांवरही याच नावाची दालनं आहेत, पण त्यांच्या बहुतेक सफरींत बंदरं येतात, आणि बंदरांवरचा माझा विश्वास उडाला होता. केबिन यावेळी बिनखिडकीची घेतली. खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी, जिथे हेलकावे सगळ्यात कमी लागतात.

दिशाही मुद्दाम पश्चिमेची निवडली, आणि याचा मला फार आनंद आहे. साउथॅम्प्टन आणि न्यूयॉर्कच्या घड्याळांत पाच तासांचं अंतर आहे. पश्चिमेकडे जाताना वाटेत पाच वेळा घड्याळ एकेक तास मागे करतात. म्हणजे सातातल्या पाच रात्री एक तास जास्तीचा. उलट दिशेने येणाऱ्यांचे तेवढेच दिवस तेवीस तासांचे होतात. मध्यरात्री उशिरापर्यंत नाचून सकाळच्या वर्गाला ताजंतवानं उठायचं असेल तर हा एक तास सोन्यासारखा आहे.

पहिले दोन दिवस सांगण्यासारखे नाहीत. इतकं छान चाललं होतं की लिहायला काही उरत नाही. सकाळी वर्ग, दुपारी त्याच दालनात पांढरे हातमोजे घातलेल्या वाढप्यांचा चहा, रात्री वाद्यवृंद. एकट्या आलेल्या बायकांबरोबर नाचायला जहाजानेच नेमलेले डान्स होस्ट होते. ऐंशीच्या पुढच्या एक बाई त्यांच्याबरोबर रोज फॉक्सट्रॉट करायच्या, आणि त्यांची मान अशी ताठ असायची की मी माझी मान सरळ करायचे.

नवरा मात्र जपून नाचत होता. हात हलका, ओढणं अजिबात नाही. पण दिशाही नाही. त्या जुन्या भांडणाची भीती त्याच्या पंजात बसली होती. मला ती जाणवत होती आणि बोलता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी समुद्र उठला. सप्टेंबरचा शेवट होता, कुठल्यातरी दूरच्या वादळाच्या लांब लाटा येत होत्या. पाण्याखाली पंखांसारखे बाहेर निघणारे स्टॅबिलायझर जहाजाचं डावी-उजवीकडे कलणं पुष्कळ आवरतात, पण पुढचं टोक वर आणि मागचं खाली, मग उलट, ही जी सी-सॉ चालते तिच्यावर त्यांचा इलाज नाही. आणि क्वीन्स रूम आहे जहाजाच्या मागच्या भागात. सकाळच्या वर्गाला निम्मी माणसं आली नाहीत, कित्येकांना बोट लागली होती. शिकवणाऱ्या जोडप्यातली बाई म्हणाली, पाऊल अर्धं करा, गुडघे सैल, टाच जमिनीलगत, फिरक्या आज विसरा. नवरा म्हणाला, आज राहू दे. मी म्हणाले, एकच वॉल्ट्झ, मग झोपू.

रात्री दहाच्या सुमाराला फ्लोअरवर सहा जोडपी होती. वाद्यवृंदाने संथ वॉल्ट्झ सुरू केला. वॉल्ट्झच्या तीन मात्रांत शरीराचं एक ठरलेलं काम असतं. पहिल्या मात्रेला गुडघ्यात खाली, दुसऱ्या-तिसऱ्याला टाचा सुटून वर, आणि तिसरी संपता संपता पुन्हा खाली. हे वर-खाली आम्ही अकरा वर्षं गिरवलं आहे. आता खालून जमीनच वर-खाली होत होती, तिच्या तिच्या वेळाने. पहिली फेरी भयंकर झाली. मी टाचा उचलायला आणि फ्लोअर वर यायला एकच गाठ पडायची, आणि पाय शिशाचे व्हायचे. पुढच्या आवर्तनात फ्लोअर खाली निघून जायचा आणि पाऊल हवेतच चाचपडायचं. नवऱ्याचे खांदे आखडले. आता हा थांबणार, असं मला वाटलं.

तो थांबला नाही. त्याने माझी पाठ आणखी जवळ घेतली आणि कानाशी म्हणाला, "अगं, घाई नको. बोट खाली येऊ दे."

आम्ही जवळजवळ जागच्या जागी, नुसतं वजन इकडून तिकडे टाकत राहिलो. मी मनात मोजत होते. साधारण चार-पाच आवर्तनांनी एकदा जहाज माथ्यावर जायचं, क्षणभर थांबायचं, आणि मग सुटायचं. नवरासुद्धा तेच मोजत होता, हे मला त्याच्या बरगड्यांवरून कळत होतं. जहाज माथ्यावर पोचलं तशी त्याने कोपरा साधून वळण घेतलं, दुसऱ्या मात्रेला आम्ही वर उठलो आणि त्याच वेळी खालची जमीन खाली गेली. शरीराचं वजन गेलं. मला दुसरा शब्द सापडत नाही, गेलंच. टाचा कुणीतरी उचलून धरल्यासारखी मी वर होते, आणि माझ्या पाठीवर फक्त त्याचा हात होता, पुरेपूर, कुठे जायचंय ते माहीत असलेला हात. तिसरी मात्रा इतकी लांबली की तिथे राहता आलं असतं. मग फ्लोअर सावकाश पायाखाली आला आणि आम्ही गुडघ्यांत त्याच्यावर उतरलो.

"लागलं?" त्याने विचारलं. मी काहीच बोलले नाही. पुन्हा चार आवर्तनं वाट पाहिली. पुन्हा तेच. त्या गाण्यात असं चार वेळा जमलं, तीनदा चुकलं. चुकलं तेव्हा मी त्याच्या पायावर पाय दिला आणि त्याने हात जराही ढिला केला नाही. एक वॉल्ट्झ म्हणून आलो होतो, रात्री बारानंतर गेलो. आणि मग घड्याळ तासभर मागे केलं.

राहिलेल्या रात्री समुद्र शांत होत गेला. दोन गाला, म्हणजे खास नटूनथटून येण्याच्या, संध्याकाळी झाल्या, फ्लोअर गच्च भरला, फेरीत धक्के लागले. लोक म्हणतात तसं या संध्याकाळींचं मला अप्रूप वाटलं नाही. कपडे देखणे होते, जागा नव्हती. त्या रात्री आम्ही उशिरा, गर्दी ओसरल्यावर जायचो. आणि खरं सांगते, सपाट समुद्रावर नाचताना मला त्या लाटेची आठवण यायची.

शेवटच्या पहाटे जहाज न्यूयॉर्कमध्ये शिरलं तेव्हा सगळे वरच्या डेकवर होते. आम्ही केबिनमध्ये बूट भरत होतो. मी सोलवरून ब्रश फिरवला. लव ताठ उभी होती, ब्रशवर नुसती राखाडी धूळ.

खाली उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेत पाऊण तास गेला. जमीन पक्की होती, पण माझ्या गुडघ्यांना ते कळलं नव्हतं. थोड्या थोड्या वेळाने ते आपोआप सैल व्हायचे, काहीतरी खाली जाणार म्हणून. मी नवऱ्याला सांगायला वळले. तो बॅगेच्या दांड्यावर हात ठेवून पुढे बघत उभा होता, आणि त्याचेही गुडघे त्याच वेळी वाकले.