खोक्यातल्या हवेचं भाडं

गाडी 24 पौंडांची आणि ती माझ्या गावी पोचवायचं भाडं 41 पौंड. इंग्लंडमधल्या विक्रेत्याने एका मोठ्या कुरिअर कंपनीचा दर मला कळवला, तेव्हा हा आकडा समोर आला. दारव्हा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. दिवसभर बियाणं, खत, फवारणीची औषधं, आणि रात्री शटर ओढल्यावर जुन्या डायकास्ट गाड्या, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या खेळण्यातल्या मोटारी. भाड्याचं गणित मला नवीन नाही, खताच्या पोत्यामागे ते रोजच करावं लागतं. पण पोतं मालापेक्षा महाग कधी पडलं नव्हतं.

गाडीबद्दल आधी थोडं. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या कारखान्यात डिंकी टॉईज बनायच्या. त्यांचे काही जुने साचे साठच्या दशकाच्या शेवटी कलकत्त्याला आले आणि तिथे त्याच गाड्या निकी टॉईज या नावाने ओतल्या जाऊ लागल्या. मला हवी होती ती स्टँडर्ड मिनीबस. म्हणजे भारतात बनलेलं, भारतीय मुलांसाठीचं खेळणं. आज त्यातली बरी उरलेली बहुतेक इंग्रज संग्राहकांच्या कपाटात सापडतात. आपल्याकडच्या पोरांनी ती मातीत खेळून संपवली, आणि खरं म्हणजे त्यासाठीच ती होती. दारव्ह्यावरून धावणाऱ्या शकुंतला रेल्वेने इथला कापूस मँचेस्टरच्या वाटेला लावला आणि कापड होऊन तो परत आला, असं आमचे म्हातारे सांगतात. माझ्या मिनीबसची चाल त्याहून वेगळी नाही.

आता 41 पौंडांचं. गाडीचं वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, म्हणून मी विक्रेत्याला विचारलं की खोकं केवढं धरलंत? उत्तर आलं, 30 बाय 25 बाय 20 सेंटीमीटर. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून त्याला 5000 ने भागतात. खऱ्या वजनापेक्षा हा आकडा मोठा निघाला तर भाडं त्याचं लावतात. 15,000 भागिले 5000, म्हणजे तीन किलो. तळहातावर मावणाऱ्या गाडीसाठी मी तीन किलोचे पैसे मोजणार होतो, आणि त्यातली जवळपास सगळी हवा! वर आमचा पिनकोड त्यांच्या यादीत दुर्गम भाग म्हणून नोंदलेला, त्याचा अधिभार वेगळा. गंमत म्हणजे एवढं देऊनही त्यांचा माणूस गावापर्यंत येत नाही. आधी एकदा एका कंपनीचा फोन आला होता, ‘यवतमाळला येऊन घेऊन जा.’ चाळीसेक किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, आणि दुकान बंद.

मी लिहिलं, टपालाने पाठवा. त्याला ते पटेना. भारतात पार्सलं हरवतात असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. मी त्याला चारच गोष्टी कळवल्या. रॉयल मेलची दोन किलोपर्यंतची छोटी पार्सलं खऱ्या वजनावर जातात, आकारमानाचा भागाकार तिथे नाही. तिन्ही बाजूंची बेरीज 90 सेंटीमीटरच्या आत आणि कुठलीही एक बाजू 60 च्या आत असली की झालं. ट्रॅकिंगवाली सेवा घेतली तर क्रमांक मिळतो आणि पार्सल भारतात आल्यावर तोच क्रमांक आपल्या पोस्टाच्या साइटवरही चालतो. चौथी गोष्ट वजनाची: दराचे टप्पे आहेत, 250 ग्रॅमच्या आत बसवाल तर माझे पैसे वाचतील.

हा शेवटचा मुद्दा त्याला आवडला असावा. दोन दिवसांनी त्याने फोटो पाठवला. चहाच्या पिशव्यांचं रिकामं खोकं आतली बाजू बाहेर करून पुन्हा चिकटवलेलं, आत बबल रॅपमध्ये गुंडाळलेली मिनीबस, दारांच्या फटींत टिश्यू पेपरच्या घड्या कोंबलेल्या, आणि सगळं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर. काटा 231 वर. भाडं आलं 13 पौंडांच्या आसपास. स्वस्तातली इकॉनॉमी सेवाही होती, पण तिला ट्रॅकिंग नाही आणि किती आठवडे लागतील याचा भरवसा नाही. तीन-चार पौंडांसाठी मी तो जीवाला घोर लावून घेत नाही.

मग त्याने भल्या मनाने विचारलं, ‘भेटवस्तू, पाच पौंड’ असं लिहू का? मी नको म्हटलं. एक तर ते खोटं. दुसरं, पाच हजार रुपयांपर्यंतची भेट करमुक्त आणायची सवलत डिसेंबर 2019 मध्येच गेली, आता राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेटीलाही कर आहे. शिवाय पार्सल गहाळ झालं तर पाच पौंड लिहून 24 पौंडांची भरपाई कोण देणार? मी सांगितलं, खरी किंमत लिहा आणि वर्णनात नुसतं ‘टॉय’ न लिहिता ‘जुनी डायकास्ट मोटार, संग्रहासाठी’ असं लिहा. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हाची सक्ती आहे, पण ती 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना. पन्नाशी उलटलेल्या मिनीबसवर कुणी ते चिन्ह शोधत बसू नये, एवढाच हेतू.

पार्सल मुंबईत पोचलं आणि तिथे कस्टम्समध्ये थांबलं. किमतीचा पुरावा मागितला गेला. बिल, पैसे भरल्याची पावती आणि विक्रीच्या जाहिरातीचं चित्र, तिन्ही एका पीडीएफमध्ये घालून पाठवलं. ही फाइल मी आता पैसे भरल्या दिवशीच करून ठेवतो. ऐन पेरणीत, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना ती जुळवणं जमत नाही.

नंतर एका दुपारी आमचे डाकसेवक सायकल लावून दुकानात आले.

‘भाऊ, तुमचं इंग्लंडचं पुडकं आलं. पण तेवीसशेच्या वर भरा लागते.’

बायको आतून बाहेर आली. ‘पैसे देऊनच घेतलं ना? मंग आता पुन्हा कायचे पैसे?’

प्रश्न रास्त होता. हे 2023 सालचं आहे. वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या वस्तूंवर तेव्हा मूळ सीमाशुल्क 35 टक्के, त्या शुल्कावर दहा टक्के अधिभार, आणि या सगळ्यासकट होणाऱ्या किमतीवर 28 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. मिळून 77.28 टक्के. तेही नुसत्या गाडीवर नाही, वाहतूकखर्च धरून. फक्त विमानाने आलेल्या मालाला एक दिलासा आहे, हा खर्च मालाच्या किमतीच्या 20 टक्क्यांच्या वर धरत नाहीत. म्हणजे गाडीचे अडीच हजार, भाड्याचे फार तर पाचशे, आणि त्या तीन हजारांवर कर. दर बजेटात हलत राहतात, आजचा दर मागवण्याआधी बघून घ्यावा.

डाकसेवकांनी खोकं कानाशी धरून हलवून पाहिलं. ‘इतक्यात तं बकरीचं पिल्लू येते, भाऊ. थे वाढते तरी.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, बायकोकडे मात्र पुढचे दोन दिवस त्याच वाक्याचं भांडवल होतं.

गाडी, टपाल, कर आणि कार्डाचा परकीय चलनाचा साडेतीन टक्के भार धरून बेरीज सव्वासहा हजारांच्या आसपास गेली. कुरिअरने तीच नऊ हजारांच्या पुढे गेली असती. शुल्क आधी भरून देण्याची कंपनीची फी त्यावर, आणि यवतमाळची खेप आहेच. गावात राहणाऱ्याने पोस्टच धरावं, हे माझं ठाम मत आहे. शहरातल्या मित्रांना ते जुनाट वाटतं, पण त्यांच्या पिनकोडला दुर्गम अधिभार लागत नाही.

नागपूर-अमरावतीचे चार-पाच जण मिळून एकत्र मागवू, असाही प्रस्ताव आला होता. भाडं वाटून जातं हे खरं. पण एकाच्या नावाने एकसारख्या दहा गाड्या आल्या तर तो वैयक्तिक वापर आहे हे कोण मानणार? व्यापारी आयात म्हटलं की आयात-निर्यात कोड लागतो. म्हणून मी फक्त माझ्याच गाड्या एका पार्सलात एकत्र करून मागवतो. सध्या त्याच विक्रेत्याकडे दोन गाड्या पैसे भरून थांबवल्या आहेत, तिसरीवर बोलणी चालू आहे. तिन्ही मिळून अर्धा किलोत बसतील असं तो म्हणतो. मी वजनकाट्याचा फोटो मागितला आहे.