बॅटरीचा आरसा: गुळगुळीत की दाणेदार?

दुकानात बॅटरीच्या तोंडात डोकावलं की गुळगुळीत आरसा भारी वाटतो आणि संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार आरसा हलक्या मालाचा. समोरच्या भिंतीवर झोत मारला की उलटं. गुळगुळीतच्या झोतात वलयं आणि पिवळसर कडा दिसतात, दाणेदारचा झोत सलग पडतो. दोन्ही वेळा गिऱ्हाईक फसतं. दाणे मुद्दाम पाडलेले असतात, आणि बाहेर अंधारात ती वलयं फारशी दिसतही नाहीत.

आरसा एलईडीचंच चित्र लांब फेकतो. तो गुळगुळीत असेल तर एलईडीच्या खोडीही सोबत जातात. चार चिपांच्या एलईडीत, म्हणजे एक्सएचपी ७० सारख्या, मधल्या फटींची काळी फुली उमटते. अशा एलईडीला दाणेदारच हवा. दाण्यांमुळे किरण थोडे विखुरतात आणि एकमेकांत मिसळतात. एकूण उजेड जवळजवळ तेवढाच राहतो, फक्त मधला प्रखर ठिपका मंद होऊन पसरतो.

पल्ला किती कमी होतो? लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, ५ मीटरवर धरा आणि आकड्याला २५ ने गुणा, की कॅन्डेला, म्हणजे झोताची तीव्रता मिळते. कॅन्डेलांचं वर्गमूळ दुप्पट केलं की मीटरमध्ये पल्ला. ४०० लक्स म्हणजे १०,००० कॅन्डेला, पल्ला २०० मीटर. दाण्यांमुळे कॅन्डेलातले दहा टक्के गेले तरी पल्ला १९० मीटर उरतो. हा हिशेब पौर्णिमेच्या चांदण्याएवढ्या, ०.२५ लक्स उजेडाचा आहे. नीट दिसायचं असेल तर निम्मंच अंतर धरा.

म्हणून घरासाठी, जिन्यासाठी, पार्किंगसाठी, लाइट गेल्यावर मीटरच्या पेटीत बघायला दाणेदारच घ्यावा. बडोद्यात मात्र गुळगुळीतला एक खरं काम आहे. पावसाळ्यात विश्वामित्री नदी चढली की मगरी सोसायट्यांपर्यंत येतात. पाण्यात मगरीचं अंग दिसत नाही, चमकणारे डोळे दिसतात. त्यासाठी लांबचा, आवळ झोत लागतो. बॅटरी डोळ्यांच्या शेजारी धरा, कारण ती चमक उजेड आला त्याच दिशेला परत फिरते. कमरेशी धरली तर ती हुकू शकते. हे बघणं गच्चीतून किंवा गॅलरीतून, पाण्याच्या काठावरून नाही. डोळे दिसले तर वनविभागाला फोन करा.

कॉन्व्हॉय एस टू प्लससारख्या बॅटरीत आरसा बदलता येतो. आधी सेल काढा. पुढची कडी उघडा, काच आणि रबरी रिंग बाजूला ठेवा, नवा आरसा बाहेरच्या कडेनंच उचला. एलईडीभोवतीची पांढरी प्लास्टिकची चकती विसरू नका. ती नसेल तर ॲल्युमिनियमचा आरसा डागाच्या (सोल्डरच्या) जोडांना टेकतो आणि शॉर्ट होतं. चकती जाड असेल तर आरसा उचलला जातो, एलईडी आरशाच्या फोकसच्या मागे पडतो आणि झोताच्या मध्यभागी काळा खड्डा दिसतो. चकती बारीक पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा घासा, पुन्हा बसवून बघा.

आतल्या बाजूला बोट लावू नका, कापड तर नाहीच. ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की पुसताना ओरखडे पडतात. धूळ रबरी फुग्यानं उडवा.

गुळगुळीत बॅटरी आधीच घेतली असेल तर काचेवर धुरकट चिकटपट्टी गोल कापून लावा. झोत दाणेदारपेक्षाही मऊ पडतो, आणि नदीकडे बघायचं असेल तेव्हा ती काढता येते.